हवा पुन्हा जमिनीला कुठे टेकते

पेसाहचा, म्हणजे आम्हा ज्यूंचा वसंतातला सण उलटला की एखाद्या सकाळी इस्रायलमधल्या लोदचं आकाश गढूळ होऊन उगवतं. विमानतळाकडचे दिवे दिवसाउजेडी लागलेले असतात, जिभेवर मातीची चव येते आणि ऑफिसात माणसं एकमेकांवर विनाकारण खेकसतात. मग कोणीतरी म्हणतं, "शराव आहे," आणि सगळे सगळ्यांना माफ करतात. शराव म्हणजे वाळवंटाकडून येणारा कोरडा, तापलेला वारा. तो दोन-तीन दिवस राहतो आणि आला तसा निघून जातो.

आज तो आला आहे. बाकीच्यांनी झडपा ओढून घेतल्या. मी मात्र खिडकीशी जाऊन उभा राहिलो आणि समोरच्या गोदामाच्या भिंतीमागे धूळ कशी फिरते ते बघत बसलो. शेजारच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, "दानी, काय दिसतंय?" मी म्हणालो, "काही नाही." खरं तेच होतं. इतकी वर्षं बघतो आहे, नक्की काय दिसतं ते मला अजून सांगता येत नाही.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी, ओफाकिमला आईबाबांकडे राहून मी बेरशेवाच्या विद्यापीठात एम.एस्सी.चा प्रबंध करत होतो, त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी हे वेड लागलं. ओफाकिम म्हणजे नेगेवच्या वाळवंटाच्या उंबऱ्यावरचं गाव. एकसारख्या चौमजली इमारती, मधून मातीची मैदानं, आणि गावाबाहेर पडलं की गहू. त्या दिवसांत गहू कापणीला आलेला असे. यंत्रं दिवसभर घरघरत आणि कोंडा वाऱ्याबरोबर गावात शिरे. तो भाकरीच्या पिठात सापडे, दोरीवरच्या ओल्या चादरींना चिकटे, बाबा गिरणीतून येत तेव्हा त्यांच्या भुवयांवर कापसाचे तंतू आणि त्यावर हा कोंडा. आई त्यांना दारातच उभं करून टॉवेलने झटकायची. "आधी तिकडचा काढा, मग इकडचा," म्हणायची, जसं काही दोन्ही वेगळे होऊन निघणार होते.

आमच्या इमारतीच्या कोपऱ्याला वारा धडकला की भिंतीमागे तो कोंडा गरगरत राही. वारा पुढे निघून जाई, पण भिंतीच्या आडोशाला एक मोठा भोवरा मागे राहून उलटा फिरत असे, आणि मग थोड्या अंतरावर वरून गेलेली हवा पुन्हा खाली येऊन जमिनीला टेके. टेकण्याची ही जागा, एवढाच माझ्या प्रबंधाचा विषय होता. म्हणजे प्रबंधात अर्थात भिंत नव्हती. एक बंद चौकोनी बोगदा, त्यात खाली एक पायरी. हवा पायरीवरून पुढे झेपावते, पायरीमागे भोवरा धरते आणि काही अंतरावर पुन्हा तळाला टेकते. कुठे टेकते ते प्रयोगशाळांनी मोजलेलं होतं. माझं काम कॉम्प्युटरला ते विचारणं.

कॉम्प्युटरला हवेतला प्रत्येक लहान भोवरा मोजता येत नाही. म्हणून माणसांनी त्या सगळ्या खळबळीचं एक सरासरी सोंग तयार केलं आहे, त्याला टर्ब्युलन्सचं मॉडेल म्हणतात. त्यात काही समीकरणं असतात आणि काही ठरलेले आकडे, स्थिरांक. ते आकडे कोणत्या नियमातून आलेले नाहीत. साध्यासुध्या प्रवाहांवर मोजमापं करून, जुळतील असे बसवलेले आहेत. मॉडेल तपासायचं म्हणजे अवघड प्रवाह त्याच्यापुढे ठेवायचा आणि खरं उत्तर येतं का ते पाहायचं. पायरीचा प्रवाह मला दिला होता. माझ्या कॉम्प्युटरची हवा प्रयोगातल्या हवेपेक्षा नेहमी लवकर जमिनीला टेकायची. दर वेळी आखूड.

इस्रायलला येण्याआधी मी कोकणातल्या एका लहान गावच्या शाळेत शिकलो. आमचे गणिताचे मास्तर फार चांगले, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी शिकवलं की उत्तर चुकलं तर चूक तुझ्या पायऱ्यांत आहे, परत कर. मी परत केलं. प्रोग्रामच्या भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा घेऊन कॉम्प्युटर केंद्राच्या खिडकीशी जायचो. खिडकीतली बाई मोरोक्कोची होती, ती मला नावाने कधी हाक मारायची नाही. "नू, होदू," म्हणायची, होदू म्हणजे हिंदुस्थान, "आज तुझी हवा कुठपर्यंत गेली?" मी म्हणायचो, "आखूडच." ती चुकचुकायची, जणू घरात कोणी आजारी आहे.

आजारी मीच व्हायला आलो होतो. राखीव सैन्याच्या ड्यूटीपायी मुदत आधीच एकदा वाढवून मिळाली होती, आता वाढणार नव्हती. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी प्रबंध दिला आणि पास झालो तर लोदला विमानांच्या कारखान्यात एक जागा माझ्यासाठी ठेवलेली होती. नाही तर ती दुसऱ्याला जाणार होती आणि मी बाबांच्या गिरणीत देखभाल खात्यात लागणार होतो. गिरणीत वाईट काही नव्हतं. पण मुंबईहून बोटीला बसताना बाबा म्हणाले होते की तिकडे पोरगा शिकेल, आणि तेवढ्या एका वाक्यावर त्यांनी पुढची सगळी वर्षं काढली होती.

माझे मार्गदर्शक हंगेरीहून आलेले. विद्यापीठात त्यांना सगळे, अगदी झाडूवालासुद्धा, नुसतं "येहुदा" म्हणत. माझ्या तोंडून ते निघेना. मी 'सर' म्हणायचो आणि ते दर वेळी हसायचे, कारण हिब्रूत सर म्हणजे मंत्री. "तुझ्या मंत्र्याला कळव," म्हणायचे, "हवा आज काय म्हणाली." मी कागद पसरायचो. ते चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत. एकदा म्हणाले, "तुझ्या हिशोबात चूक नाही. मी सगळं पाहिलं." मला आनंद व्हायला हवा होता. पण चूक माझी नसेल तर मग दुरुस्त काय करायचं? मास्तरांनी याच्यापुढचं शिकवलेलं नव्हतं.

"एक स्थिरांक थोडा हलवून बघ," ते म्हणाले.

घरी जेवताना मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी घास थांबवला. "स्थिर म्हणता अन् हलवता?"

"हलवून बघायचं असतं, बाबा. तपासणीसाठी."

"आमच्याकडे असं केलं तर सुपरवायझर धरतो," ते म्हणाले आणि परत जेवायला लागले.

आईला यातलं काही नको होतं. तिला एकच कळलं होतं, की मुलाचं काहीतरी जुळत नाही आहे आणि ते जुळल्याशिवाय त्याला पदवी नाही. तिने एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला मलिद्याचा नवस बोलला होता. आम्हा बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांत कोणतंही काम सिद्धीला गेलं, मूल झालं, माणूस दुखण्यातून उठला, घर मिळालं, की मलिदा करतात. भिजवलेले पोहे, त्यात नारळ, साखर, वेलची, वर फळं, आणि चार माणसं बोलावून आशीर्वाद म्हणायचे. आईने विमा काढावा तसा माझ्या आकड्यांवर नवस काढला होता.

आणि एका दुपारी आकडे जुळले. एक स्थिरांक जरासा हलवला आणि कॉम्प्युटरची हवा बरोबर प्रयोगातल्या जागी जाऊन टेकली. खिडकीतल्या बाईने माझा चेहरा बघूनच ओळखलं आणि आतून कोणाला तरी ओरडून सांगितलं, "होदू पोचला!" बसमध्ये मी कागदाची घडी मांडीवर धरून बसलो होतो. बाहेर शराव होता. सगळं पिवळं. घरी येऊन मी बूट काढायच्या आधी म्हणालो, "आई, जुळलं."

तेवढं एकच वाक्य मी बोललो. ते खोटं नव्हतं. पण पुढच्या वाक्यापर्यंत आई थांबलीच नाही. ती गॅलरीत गेली आणि खाली सारामावशीला सांगून आली. सारामावशी आमच्या खालच्या मजल्यावरची, मूळची रेवदंड्याकडची. तिला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं.

"आई, थांब. अजून दुसरी तपासणी आहे. हाच आकडा दुसऱ्या प्रवाहावर चालला पाहिजे."

"दुसऱ्याचा नवस दुसरा," आई म्हणाली. "बोललेला ठेवून नाय घ्यायचा. उद्या लोदच्या आत्याला फोन कर, पोहे पाठवू दे. इथले पोहे नकोत, ते ब्रेकफास्टचे, पुठ्ठ्यासारखे."

माझी धाकटी बहीण रूथ तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षात होती. ती मराठी समजायची आणि उत्तर हिब्रूत द्यायची. "दाय, इमा," म्हणाली, पुरे आता आई, "तो म्हणतोय ना संपलं नाही."

"तू गप. तुला तिकडं हिब्रूत नवस करायचा तर कर."

पेसाहनंतरचे समारंभ वर्ज्य असलेले दिवस लाग बाओमेरला संपतात; तो होऊन गेला होता, म्हणजे हरकत नव्हती. पुढल्या आठवड्यात मलिदा झाला. मला आठवतो तो वास. ओल्या पोह्यांचा, वेलचीचा, आणि उघड्या खिडकीतून येणारा कापलेल्या गव्हाचा. बाबांनी स्वच्छ शर्ट घातला होता. आमचे हज्जान, म्हणजे प्रार्थना सांगणारे, थाळीसमोर बसले. एकेका फळाचा आशीर्वाद वेगळा असतो. झाडावरच्या फळाला एक, जमिनीतून येणाऱ्याला दुसरा. सगळं ठीक चाललं होतं, ते केळ्यापाशी अडलं.

"केळं जमिनीचं," हज्जान म्हणाले.

"जमिनीचं कसं?" एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. "आमच्या नागावला वाडीत माणसाच्या डोक्यावर घड लागायचे. जमिनीला टेकले म्हणजे सडलेच."

"खोड दर साली मरतं. म्हणून ते झाड नाय. जमिनीचं."

"म्हणजे दिसतं झाड, अन् धरायचं गवत?"

"धरायचं."

"अहो, तुम्ही तो वाद मुंबईला करून आलात ना," सारामावशी म्हणाली, "पोरं भुकेली हायत."

सगळे हसले. मी पण हसलो, पण माझं डोकं तिथेच राहिलं. इतक्या साध्या थाळीलासुद्धा एक आशीर्वाद पुरत नव्हता. प्रत्येकाची जात बघायची, मग त्याचा शब्द लावायचा, आणि कोणालाही यात काही कमीपणा वाटत नव्हता. मग हवेने एकच आकडा पाळावा हा हट्ट माझा कुठून आला? पायरीला एक, हवेच्या झोताला दुसरा, वळणाला तिसरा. पण मग पुढे कोणी नवा प्रवाह आणला, दिसतो झाडासारखा आणि निघाला गवताचा, तर कुठला आकडा लावायचा हे कोण सांगणार? तिथे हज्जान होते. हवेला कोण आहे? मला वाटलं मला काहीतरी कळलं. घटकाभराने वाटलं, जे होतं तेही गेलं. लोक येऊन हात हातात घेत होते, "मज़ल तोव," म्हणजे अभिनंदन, "दानी, नाव काढलंस," म्हणत होते आणि मी दोन्ही हातांनी पोहे घेत होतो.

दुसरी तपासणी झोताची होती. सपाट फटीतून हवेचा झोत मोकळ्या हवेत सोडला की तो पंख्यासारखा पसरत जातो. मूळच्या आकड्यांनी हे पसरणं अगदी बरोबर यायचं. माझ्या हलवलेल्या आकड्याने ते बिघडलं. झोत पसरेचना, काठीसारखा सरळ चालत राहिला. पायरीवर बरोबर तर झोतावर चूक, झोतावर बरोबर तर पायरीवर आखूड. मी मधला आकडा घेतला. दोन्ही चुकले.

गहू कापून झाला होता. शेतं एकदम बोडकी दिसायला लागली होती आणि वाऱ्याला आता उडवायला कोंडा राहिला नव्हता, नुसती माती होती. मी गॅलरीत बसून भिंतीमागचा भोवरा बघत राही. हवा नेमकी कुठे टेकते हे शोधायला लागलं की कळे, ती एका जागी टेकतच नाही. आत्ता इथे, क्षणाने पुढे, मग मागे सरकते. पुस्तकातली जागा ही त्या सगळ्याची सरासरी. त्या सरासरी जागेवर हवा प्रत्यक्षात कधी किती वेळ असते? बहुधा नसतेच. मग मी इतके महिने कुठली जागा शोधत होतो?

खाली सारामावशी कपडे वाळत घालता घालता वर बघून ओरडायची, "काय रे, सायब झालास, आता नुसता बसून खातोस?" मी हात हलवायचो. तिला काय सांगणार? तिने मलिदा खाल्ला होता. अख्ख्या इमारतीने खाल्ला होता. ज्या गोष्टीसाठी आभार मानले ती गोष्टच नंतर सुटली, तर त्या आभारांचं काय होतं हे मला आजही कोणाला विचारायचा धीर झालेला नाही.

रूथने व्यवहाराचं सांगितलं. एका संध्याकाळी कलिंगडाच्या बिया बशीत थुंकत ती हिब्रूत म्हणाली, "झोताचा भाग देऊच नकोस. तुला विषय काय दिलाय? पायरी. पायरी जुळली. संपलं."

"पण झोतावर चालत नाही ते."

"कोणी विचारलं तुला झोताबद्दल?"

तिचं चूक नव्हतं. माझ्या विषयाच्या मंजुरीपत्रात झोताचं नाव नव्हतं. सरांकडे गेलो. म्हणालो, "सर, झोत ठेवला तर माझ्या प्रबंधातून काहीच सिद्ध होत नाही. काढला तर सगळं सिद्ध होतं." ते खिडकीबाहेर बघत होते. बाहेर शराव उतरत होता, निलगिरीची पानं नुकती स्थिर झाली होती. "मी तुला काय सांगू?" ते म्हणाले. "ठेवलास तर परीक्षक काय म्हणतील मला माहीत नाही. ते हट्टी गृहस्थ आहेत. काढलास तर मी सही करेन, कारण त्यात खोटं एक अक्षर नाही." मग चष्मा खाली ओढून म्हणाले, "निर्णय मंत्र्यावर ढकलू नकोस."

मी ठेवला. का ठेवला हे धैर्याने वगैरे सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. खरं म्हणजे मला दोन्ही आलेख शेजारी शेजारी बघायची इतकी सवय झाली होती, की एकटा पायरीचा आलेख लावला तर ते पान मला अनोळखी वाटायचं. मी ते दोनदा टाइप करून पाहिलं आणि फाडलं. लोदची जागा डोळ्यांसमोर येत होती, बाबांच्या भुवयांवरचे तंतू येत होते. तरी फाडलं.

तोंडी परीक्षेला मी मुंबईचा टाय लावून गेलो. बाहेरचे परीक्षक उत्तरेकडून आले होते. अर्धी चड्डी, सँडल, आणि टेबलावर कागदाच्या पुडीत काकडी. प्रश्न विचारता विचारता ते ती मिठाला लावून खात होते. माझ्या घामाची धार टायखाली चालली होती.

"हे मॉडेल मी तुझ्या हातात दिलं," ते म्हणाले. "विमानाच्या पंखामागची हवा काढायची आहे. वापरशील?"

"वापरेन."

"त्याच्यावर भरवसा ठेवशील?"

"नाही."

"मग वापरशील कशाला?"

"दुसरं नाही म्हणून. आणि कुठे चुकू शकेल ते थोडं ठाऊक आहे म्हणून."

"कोणता आकडा घालशील? मूळचा की तुझा?"

भिंतीवरचा पंखा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेला आणि परत आला. "मला माहीत नाही," मी म्हणालो. "दोन्ही घालून बघेन. उत्तरात फरक पडला नाही तर झोप लागेल. पडला तर विचारायला येईन."

"कोणाला?"

"तेही माहीत नाही."

त्यांनी सरांकडे पाहिलं. सर आपल्या चष्म्याकडे बघत होते. "बाहेर बस," परीक्षक मला म्हणाले.

बाहेरच्या बाकावर मी गिरणीच्या देखभाल खात्याची तयारी मनातल्या मनात पूर्ण केली. पाळीचे तास, डबा, बाबांबरोबर पहाटेची बस. त्यात वाईट काही नाही असं स्वतःला पटवलं, आणि तेवढ्यात सरांनी दार उघडून आत बोलावलं. परीक्षकांनी उभं राहून हात पुढे केला. त्याला काकडीचा वास होता. "पास," म्हणाले. "शेवटचं प्रकरण आखूड कर. तुला काय कळलं नाही हे सांगायला इतकी पानं लागत नाहीत."

आखूड हा शब्द ऐकून सर इतके हसले की त्यांना खोकला आला.

आज मी लोदला त्याच जागेवर बसतो. मॉडेलं आता आणखी आली आहेत, स्थिरांक वाढले आहेत, कार्डं गेली आणि पडदे आले. नवीन मुलं विचारतात, कुठलं बरोबर? मी विचारतो, कुठला प्रवाह? ती वैतागतात. मला त्यांचा वैताग मनापासून समजतो. मला याहून चांगलं उत्तर हवं आहे आणि ते माझ्याकडे नाही. ज्या मास्तरांनी मला परत कर म्हणून शिकवलं, त्यांच्याच पुण्याईने मी रोज परत करतो, आणि रोजचं उत्तर वेगळं येतं.

तोंडी परीक्षेच्या त्या दिवशी बेरशेवाहून घरी पोचलो तेव्हा आई दारातच होती. बाबा पाळीवर होते. "पास," मी म्हणालो. तिने दोन्ही हात माझ्या तोंडावरून फिरवून स्वतःच्या ओठांना लावले. मग खुर्चीवर बसली, पदराने डोळे पुसले आणि थोड्या वेळाने विचारलं, "म्हणजे ते दुसरं पण जुळलं?"

"नाय, आई. नाय जुळलं."

"मग पास कसं केलं?"

"जुळत नाही हे नीट दाखवलं म्हणून."

मी चेष्टा करतोय का ते तिने माझ्या चेहऱ्यावर शोधलं. रूथ आतून म्हणाली, "इमा, तो खरं बोलतोय," आणि ते तिने मराठीत म्हटलं, म्हणून आईचा आणखीच गोंधळ झाला. मग ती उठली, गॅलरीत गेली आणि कठड्यावरून वाकली.

"सारा! अगं सारा! पास झाला!"

"मज़ल तोव! तेव्हाच म्हटलं ना मी, जुळलंय म्हणजे पास होणार!"

"तसं नाय गो. नाय जुळलं म्हणून पास झाला."

खाली दोरीवरच्या चिमट्यांची किणकिण थांबली.

"असं कसं होईल?"

"होतं तसं," आई ठणकावून म्हणाली. "तुला नाय कळायचं. मलाही नाय कळलं."

मी तिच्या मागे दारात उभा होतो. टाय अजून गळ्यात होता. मलाही नव्हतं कळलं.